एक एप्रिलच्या आत

१४ जानेवारी १९९६, रविवार
पेपरात बातमी. एक एप्रिलपासून धुराचे नवे नियम. माझी हंड्रेड सीसी टू-स्ट्रोक मोटरसायकल आता आहे त्या रूपात मिळणार नाही. गेली अकरा वर्षं मी ही गाडी घेणार होतो. एकदा बहिणीचं लग्न आलं, एकदा पितृपंधरवडा, एकदा रंग पसंत पडला नाही. आता सरकारच आडवं आलं. खाली जाऊन शेजारच्या गुरुदत्तला म्हटलं, सामान्य माणसाचा वेग कुणाला बघवत नाही. तो फोर-स्ट्रोकवाला, त्याला काय कळणार. रात्री गाढ झोप लागली. संतापाने माणूस थकतो.

२२ जानेवारी
ऑफिसात विषय काढला. कॉलेजपासूनचा मित्र रघु म्हणाला, अजून दोन महिने आहेत की, जाऊन घे. बंद होणाऱ्या गाडीचे पार्ट पुढे मिळत नाहीत, हे त्याला समजावलं. मग कॉलेजच्या सहलीत मी त्याची गाडी खडवलीच्या नदीत घातली, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. नदीत नाही, काठावर. आणि क्लच खराब होता.

३ फेब्रुवारी
सुमतीने विचारलं, खरंच इतकं मनात आहे का हो. म्हटलं, अगं, गाडी असती तर डोंबिवलीहून शीळफाट्यामार्गे थेट ठाण्याच्या ऑफिसात. स्टेशन नको, लोकल नको. बोलताना डोळ्यांत पाणी आलं. मी बोललेलं मला स्वतःला लगेच पटतं. बायकोने डोळे पुसायला पदर पुढे केला. विषय संपला.

२५ फेब्रुवारी
सुमतीला घेऊन कल्याणच्या शोरूममध्ये गेलो. नुसता निषेध नोंदवायला. सेल्समन म्हणाला, शेवटचा लॉट संपला. टेबलावर हात आपटला. मग बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो, दोन ग्लास. सुमती रुमाल विसरला म्हणून परत आत गेली होती. बराच वेळ लावला.

२० मार्च, पाडवा
गुढीला नमस्कार करतोय तोच सुमतीने खाली बोलावलं. दारात काळी हंड्रेड. हार, हळदकुंकू, सगळं. कुणाचं तरी रद्द झालेलं बुकिंग तिने धरून ठेवलं होतं. घरघंटी घेऊन घरीच भाजणी दळायची, विकायची, म्हणून तिने भिशी लावली होती. ती सगळी यात घातली. बिल्डिंगने टाळ्या वाजवल्या. मला दरदरून घाम फुटला. लोकांना वाटलं, भरून आलं.
दुपारी गाडीवर बसून फोटो काढला. उन्हात इंजिन तापतं, म्हणून चालवली नाही.

२१ मार्च
नवी गाडी दमाने घ्यावी, असं कंपनीच्या पुस्तकात आहे. मी अजून थोडा दम धरतो.

२४ मार्च, पहाटे पाच
सराव. रस्ता मोकळा. किक मारली, गाडी चालू झाली. क्लच सोडला तर ती थेट गटाराकडे निघाली. मी तत्काळ इंजिन बंद केलं. निर्णयशक्ती शाबूत आहे. उतरलो तेव्हा पाय लटपटत होते. पहाटे गारवा असतो.

२५ मार्च
नवी पद्धत. हेल्मेट चढवायचं, सुमतीला हात करायचा, लोकांची झोपमोड नको म्हणून गाडी गेटबाहेर ढकलत न्यायची. कोपरा वळल्यावर तशीच ढकलत स्टेशनच्या स्टँडपर्यंत. मग नेहमीची लोकल. संध्याकाळी उलट. नियम लागू व्हायच्या आधीच आपला धूर शून्य. रात्री सुमतीने विचारलं, शीळफाट्याला ट्रॅफिक होता का. होता, म्हटलं.

२८ मार्च
दंड सुधारलेत. सुमती गुरुदत्तच्या बायकोला सांगत होती, हल्ली हे किती खुशीत असतात. स्वतःची लाज वाटली, खोटं कशाला लिहू. रविवारी तुला गाडीवरून टिटवाळ्याच्या गणपतीला नेतो, असं म्हणून टाकलं.

३१ मार्च
पाठ धरली. खरोखरच धरली, निदान सकाळी तसं वाटत होतं. सुमती नवी साडी नेसून, डोक्याला स्कार्फ बांधून बसली होती. साडी बदलून आली आणि माझ्या पाठीला तेल लावलं. तेल लावून घेताना तोंड उशीत होतं, ते बरं झालं.

१ एप्रिल, सोमवार
आजपासून नियम लागू. गाडी ढकलत निम्म्या वाटेवर पोचलो, तर गिरणीतून सुमती बाहेर आली. कडेवर भाजणीचा डबा. तिने माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. डबा सीटवर ठेवला, एका हाताने तो धरला आणि दुसऱ्या हाताने मागून ढकलू लागली. गाडी एकदम हलकी झाली.
तेवढ्यात गुरुदत्तची फोर-स्ट्रोक शेजारी येऊन थांबली. त्याने विचारलं, काय वहिनी, पेट्रोल संपलं का. मी काही जुळवायच्या आत सुमती म्हणाली, हो, संपलं.
टाकी भरलेली होती. आत हिंदकळत होतं ते आम्हां दोघांनाही ऐकू येत होतं. स्टँडपर्यंत मी हेल्मेटची काच वर केली नाही.