कबरीवरचं सिलिंडर

प्रिय यासेन,

पत्र बघून दचकू नकोस, घरात कुणी आजारी नाही. शेळी व्यायली. दोन करडं झाली, त्यातल्या एकाचं तोंड हुबेहूब तुमच्या परुशेवसाहेबासारखं आहे. सारखं ओरडतं आणि काम काहीच करत नाही. फोन केला असता, पण पोस्टातला फोन मीन्काच्या हातून जातो, आणि मीन्का म्हणजे परुशेवच्या बायकोची सख्खी बहीण. मी इथं शिंकले की तुमचा साहेब तिकडं धावपट्टीवर रुमाल काढतो. म्हणून बसवाल्या गोचोच्या हाती हे पत्र देत्ये, सोबत लीकची पात भरून भाजलेली बानित्सा. पुडक्याचा एखादा कोपरा उघडलेला दिसला तर गोचोला काही बोलू नकोस. त्याची बायको काय रांधते ते साऱ्या गावाला ठाऊक आहे.

किती दिवस झाले रे घरी आला नाहीस. विमानतळ काही चंद्रावर नाही, बसनं आलास तर सूप गार व्हायच्या आत पोचशील. तुझ्या खोलीतला पलंग मी सफरचंदं ठेवायला घेतलाय, आता आलास तर त्यांच्याशी भांडून जागा मिळव. दाढी वाढवलीस असं तुमचा पायलट वेल्को सांगत होता. बाईसाठी वाढवली असशील तर माझं काही म्हणणं नाही. आरशात बघायला नको म्हणून वाढवली असशील, तर पुढचं नीट वाच.

मागल्या शनिवारी मृतांचा दिवस होता. मी गहू उकडला, साखर-अक्रोड घातले, वाइनची बाटली घेतली आणि तुझ्या बाबाकडे गेले. सगळं गाव आपापल्या माणसांपाशी बसलं होतं. मी रादोयला नेहमीसारखं म्हटलं, काय रे, मला सोडून मजेत पडलायस. वाइन ओतायला वाकले, आणि बघते तर फुलदाणी नाही. ते सिलिंडरच नाही. दगडाच्या पायथ्याशी मातीत नुसता गोल डाग.

बाटली तशीच तिरकी राहिली आणि निम्मी वाइन शेजारच्या दिम्याच्या कबरीवर गेली. जन्मभर फुकट पीत आला तो, मेल्यावरही साधून घेतलं.

बायका जमल्या. कुणी म्हणाली भंगारवाल्यांनी नेलं, हल्ली पितळी अक्षरंसुद्धा उपटून नेतात. पाद्रीबाबा म्हणाले, "जाऊ दे गं दोन्का, लोखंडच ते. रादोयला आता लोखंड काय करायचंय?" मी मान डोलवली. मग दगडाभोवती शोधू लागले. ते नुसतं लोखंड नाही हे त्या सगळ्या गर्दीत मला एकटीला माहीत होतं.

तुलाही माहीत आहे, तरी सांगत्ये. तुझ्या बाबानं शेवटचं नापास केलेलं सिलिंडर ते. फवारणीच्या विमानाच्या इंजिनातल्या नऊ सिलिंडरांपैकी एक. डोक्याशी, स्पार्क प्लगच्या भोकापासून केसाएवढी चीर गेलेली. तेव्हाचा साहेब म्हणाला, ही कसली चीर, हा तर ओरखडा. रादोय म्हणाला, ओरखडा आहे ना, मग या, बसा माझ्या शेजारी, दोघं वर जाऊन बघू कितपत खाजतो. साहेबाला एकदम बैठक आठवली. विमान आठवडाभर जमिनीवर उभं राहिलं, कारखान्यातून तपासणीच्या शिक्क्याचं सिलिंडर मेणकागदात गुंडाळून खोक्यातून आलं, तेव्हाच इंजिन पुन्हा फिरलं. संध्याकाळी जेवताना मी चिडवलं, तुझं बायकोपेक्षा त्या खोक्यावर प्रेम जास्त. तर म्हणाला, तुला शिक्का कुठाय.

तुमच्याकडची रीत तशी सरळ. जे नापास झालं, त्याच्या खालच्या कडेला करवतीनं खाच मारायची, म्हणजे ते पुन्हा कुठल्याच इंजिनावर बसू नये. तुझा बाबा ती खाच स्वतः मारायचा, कुणावर सोडायचा नाही. या शेवटच्या सिलिंडरला त्याला तेवढा वेळच मिळाला नाही. नवं बसलं त्याच आठवड्यात द्राक्षवेली छाटताना गेला. दुसऱ्यांची इंजिनं कानानं ओळखणाऱ्याला स्वतःच्या छातीतला ठोका चुकलेला ऐकू आला नाही. मग तुम्ही सगळे मेकॅनिक आलात, टोप्या काढून उभे राहिलात, आणि त्याची आठवण म्हणून ते सिलिंडर उलटं करून कबरीवर ठेवलंत. भोकांत लाकडी बुचं ठोकलीत, माती भरलीत. त्यात मी जिरेनियम लावलं. करवत कुणी म्हणजे कुणीच लावली नाही. रादोयची शेवटची वस्तू, तिला खाच कशी मारायची, असं तुम्हां सगळ्यांच्याच मनात आलं. तो असता तर एकेकाच्या कानाखाली वाजवली असती.

दोन हिवाळे त्यात बर्फ साचलं, वितळलं. आतून गंजलं असणार. आणि ती चीर तर होतीच.

आता ऐक. चोरानं जिरेनियम फेकलं नव्हतं. कबरीच्या मागच्या बाजूला, वारा लागणार नाही अशा जागी, मातीसकट लोणच्याच्या बरणीत लावून ठेवलं होतं. बरणी माझ्याच तळघरातली, काठाचा टवका उडालेली, मागं लोणचं भरून तुला दिलेली. माती अंगठ्यानं दाबलेली. रोप कलू नये म्हणून काडीला तारेनं बांधलेलं. कसली तार, ठाऊक आहे? तुम्ही इंजिनाचे नट सुटू नयेत म्हणून पीळ देऊन बांधता ना, ती. पीळ एकसारखे, आणि कापलेलं टोक आत वळवलेलं, कुणाच्या हाताला टोचू नये म्हणून.

असा चोर सगळ्या दोब्रुजा मुलखात एकच आहे, बाळा. एवढी चांगली माती दाबणारा.

मी ती बरणी पिशवीत घातली, वरून ओढणी टाकली. बायकांना म्हटलं, हो गं, भंगारवालेच असणार.

रविवारी वेल्को जेवायला आला. त्याच्या बायकोला, नेवेनाला, आता पोटामुळे खाली वाकवत नाही, तिचे जोडे तोच बांधतो, आणि गावभर सांगत फिरतो की मुलगाच होणार आणि तो उडायच्या आधी चालणार नाही. दोन वाडगे सूप प्याला. मग म्हणाला, "मावशी, तुझ्या पोरानं कमाल केली! सगळे म्हणत होते यंदा विमान उठत नाही, कारखाना खोकी पाठवत नाही. यासेननं कुठून तरी सिलिंडर मिळवलंच. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी गव्हाला खत टाकायला पहिली फेरी." मी विचारलं, खोकं आलं का रे, तू बघितलंस? तो हसला. "मी पायलट आहे मावशी, मी खोकी नाही बघत, मी ढग बघतो. यासेन स्वतः बसणार आहे शेजारी, अजून काय पाहिजे?"

माझ्या हातून पळी पडली. तो म्हणाला, "काय मावशी, म्हातारी झालीस!" मी म्हटलं, तुझ्या सासूपेक्षा धाकटीच आहे मेल्या, खा गुमान. पाठ वळवून पळी उचलली, आणि तशीच उभी राहिले. वळले असते तर माझा चेहरा त्यानं वाचला असता.

तू बसणार, हे मला ठाऊक आहे. जो सिलिंडर बसवतो तो पहिल्या फेरीला पायलटशेजारी बसतो, ही तुमची रीत, आणि तू ती मोडणार नाहीस. रात्री पडल्यापडल्या स्वतःला समजावतही असशील, की मीही बसतोय ना, मग मी कुणाला फसवत नाही. यासेन, ती रीत तशी नाहीये रे. बाबा शेजारी बसायचा तो खात्री होती म्हणून. जिवावर पैज लावायला नाही बसायचा.

आणि पहिल्या फेरीला काही होणारही नाही कदाचित. त्याचीच मला जास्त भीती वाटते. बाबा सांगायचा, चीर जमिनीवर गप्प बसते. इंजिन तापतं, गार होतं, तापतं, गार होतं, तशी ती रोज एक केस पुढे सरकते. तू खाली उतरशील, वेल्को तुला मिठी मारेल, राकिया दारूची बाटली उघडेल. मग तो एकटा जाईल. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. गव्हाच्या इतक्या जवळून उडतो की चाकांना दव लागतं. तिथं डोकं उडालेलं सिलिंडर घेऊन माणूस कुठं वळणार? विजेच्या तारांकडे की झाडांकडे?

वारा तुमच्याकडून आला की मला अंगणात ऐकू येतं, तुम्ही जमिनीवर इंजिन फिरवून बघता ते. पूर्वी त्या आवाजावर मी पीठ मळायची. आता हात थांबतात. एकेक ठोका मोजल्यासारखा कान लागतो. काल मधेच आवाज बंद पडला आणि मी ओल्या हातांनी फाटकापर्यंत धावले, तिथून काय दिसणार होतं देव जाणे. तुम्ही जेवायला थांबला होतात एवढंच. शेजारची झ्लाता कुंपणावरून ओरडली, "दोन्का, कुणाची वाट बघतेस गं, नवा नवरा येतोय का?" मी म्हटलं, येतोय, विमानानं. तिला हसवलं, आणि आत जाऊन दाराला कडी लावून जमिनीवर बसले.

तू का केलंस ते मला कळतं. परुशेव सगळ्यांसमोर म्हणाला असेल, रादोयचा मुलगा म्हणवतोस आणि एक सिलिंडर मिळवता येत नाही? विमान उठलं नाही तर दाराला कुलूप लावतो, पंधरा घरं बसतील, आणि ती तुझ्या नावानं रडतील. त्याचं काय जातं रे. तो उडत नाही, तो फक्त खाली उभा राहून घड्याळ बघतो. तुला दुसरं काही सुचलं नाही, आणि सुचलं ते बाबापाशी. मदत मागायला त्याच्याकडे गेलास, असंच मी समजते. पण त्यानं त्या सिलिंडरला एकदा नाही म्हटलं होतं. मेला म्हणून त्याचं ते 'नाही' बदलत नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. आज बुधवारी सकाळी मी पोलीस चौकीत जाऊन तक्रार दिली, की माझ्या नवऱ्याच्या कबरीवरचं सिलिंडर चोरीला गेलं आणि ते तुमच्या विमानात आहे. हवालदार म्हणाला, "आजी, गॅसचं का?" आणि पोट धरून हसला. पण शुक्रवारी दुपारी तो मला जीपमध्ये घालून तिकडं आणणार आहे, आणि इंजिन उघडून बघितल्याशिवाय मी धावपट्टीवरून उठणार नाही, हे त्यालाही कळलंय. तुझं नाव मी घेतलेलं नाही. तुझ्याकडे उद्याचा दिवस आहे. ते काढ, बाबानं मारली असती तशी खाच मार आणि कबरीवर आणून ठेव. परुशेव ओरडला तर सांग, आई पोलीस घेऊन येतेय, माझा इलाज नाही. मग शुक्रवारी मी हवालदाराला म्हणेन, अगंबाई, ते तर दगडामागेच गडगडलं होतं, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसलंच नाही. तो हसेल, गाव हसेल, झ्लाता तर ईस्टरपर्यंत हसेल. हसू दे, मला सवय आहे. पण इंजिन तसंच मिळालं, तर मी सगळं सांगेन, वेल्कोलाही, तुझं नाव घेऊन, आणि त्यानंतर तू माझ्याशी जन्मात बोलला नाहीस तरी चालेल. जिवंत राहून अबोला धर. बाबाच्या दगडावर त्याच्या नावाशेजारी माझं नाव आधीच कोरलेलं आहे, फक्त साल तेवढं रिकामं. ती जागा माझी आहे, यासेन. ती मी कुणाला द्यायची नाही, तुला तर मुळीच नाही.

फाटकाशी कान लावून बसलेली,
तुझीच आई
दोन्का