दक्षाची चूक मी सुधारते

११ नोव्हेंबर २०१७
आधी डावा डोळा. मग कानशील. मग उलटी. दुपारभर स्टाफरूममध्ये डोळ्यांवर पदर घेऊन बसले. बाहेर मुलं ओरडत होती आणि मला त्यांच्यावर ओरडता येत नव्हतं.
माझा नववीचा तास प्रविणने घेतला. पर्यवेक्षक आहे, घेणारच. पण परत येऊन मलाच सुचवतो, मॅडम, आता जरा दमानं घ्या. तो कुठे बघतोय ते मला कळतं. मार्चमध्ये दहावीचं केंद्र आमच्या तलासरीच्या शाळेत. मुख्याध्यापिका मी, केंद्रसंचालकही मीच. मेअखेर निवृत्ती, म्हणजे हे माझं शेवटचं केंद्र. मी आडवी झाले की खुर्ची त्याची.
आडवी होणार नाही. निश्चय.

१२ नोव्हेंबर
आमच्या ह्यांचं मत: उपास सोड, वेळेवर जेव. बँकेतून रिटायर झाल्यापासून माणूस आशागडच्या चिकूवाडीत बसून वैद्य झालाय. शिपाई भिकाने झरीच्या भगताचं नाव सुचवलं. त्याला घंटा द्यायला पाठवलं.

१८ नोव्हेंबर
डहाणूला डॉक्टर दक्षाकडे. माझीच विद्यार्थिनी. एमडी झाली. कशी झाली देव जाणे. समीकरणात डावीकडची संख्या उजवीकडे नेताना चिन्ह बदलायचं दहावीपर्यंत जमलं नाही तिला. घरी गुजराती, माझ्यासमोर मात्र शुद्ध मराठीसाठी जीव टाकते. मला बघून खुर्चीतून उठली. एवढं तरी शिकली.
झोप, जेवण, चहा, दमा आहे का, सगळं विचारलं. बीपी मोजलं. म्हणाली, मायग्रेन. ते मलाही माहीत होतं.
दोन गोळ्या दिल्या. पांढरी, प्रोप्रानोलॉल, रोज घ्यायची, दुखो न दुखो. तिने झटके कमी येतात म्हणे, पण गुण यायला दीड-दोन महिने. दुसरी नॅप्रोक्सेन. ती दुखायला लागल्याबरोबर, काहीतरी खाऊन, आणि आठवड्यात दोन दिवसांच्या वर नाही. माझ्याकडून पाठ म्हणून घेतलं. मला! कळतं म्हटलं.

१९ नोव्हेंबर
नेटवर पाहिलं. पांढरी गोळी बीपीची. माझं बीपी उत्तम, दक्षानेच सांगितलं. म्हणजे नसलेल्या बीपीची गोळी रोज, आणि असलेल्या डोकेदुखीची आठवड्यात दोनदा?
चहा पिताना लक्षात आलं. डावीकडचं उजवीकडे. जुनी खोड.
प्रतिबंध म्हणजे काय? आधी करायची गोष्ट. पोलिओचा डोस पोलिओ झाल्यावर देतात का? तेव्हा डोकेदुखीची गोळी डोकं दुखण्याआधी, रोज सकाळी. पांढरी, दुखलंच तर. दक्षाला सांगणार नाही. पोर ओशाळेल.

१ डिसेंबर
उत्तम. एकदाही दुखलं नाही. इतकी वर्षं मी डॉक्टरांवर अवलंबून का राहिले?
विज्ञानाच्या योगिताचंही डोकं अर्धं दुखतं. तिला माझी पद्धत समजावली. ऐकून घेतलं आणि सरळ दक्षाकडे गेली. दक्षाने सांगितलं तसंच्या तसं घेते. या मुलींना डोकं नाही, मग दुखतं काय, हे विज्ञानाला कोडं.

२२ डिसेंबर
स्नेहसंमेलन. थोडं दुखलं, पण तो स्पीकरचा दोष. संध्याकाळी आणखी एक नॅप्रोक्सेन. प्रतिबंध दोन्ही वेळा केलेला बरा. इथल्या मेडिकलवाल्याने काही न विचारता पाकीट दिलं. समंजस माणूस.

५ जानेवारी २०१८
संकष्टी. कडक उपास. चार वाजता जोरात. आता पांढरीची परीक्षा. एक घेतली. काही नाही. दुसरी घेतली. तरी काही नाही, उलट जिना चढताना पाय शिशाचे झाले. चंद्रोदयापर्यंत ओकत होते. दक्षाची पांढरी नापास.
हे म्हणाले, उपासाचं. मी म्हटलं, माझ्या उपासाला तुमच्या बँकेचे नियम लावू नका.

२० जानेवारी
रोज सकाळी डोकं दुखतच जाग येते. नॅप्रोक्सेन घेतली की थांबतं. दुपारी पुन्हा. पुन्हा घेतली की पुन्हा थांबतं. यावरून गोळी किती आवश्यक आहे ते सिद्ध होतं.
पोटात जळजळ. ह्यांनी आणलेलं लोणचं.

३ फेब्रुवारी
संकष्टी. साबुदाण्याची खिचडी अकरा वाजताच खाल्ली. डोकं दुखू नये म्हणून नाही, उरली असती तर वाया गेली असती.
योगिताला नाताळनंतर झटका नाही म्हणे. टवटवीत दिसते. दुखण्याकडे गांभीर्याने बघायला मी शिकवलं, याचा उल्लेखही नाही.

१५ फेब्रुवारी
पर्यवेक्षणाच्या शिक्षकांची मीटिंग. प्रविणने बाकं वर्गात आधीच मांडून ठेवली होती. सगळी पुन्हा मांडायला लावली. शिस्त म्हणजे काय यावर बोलले. खिडकीजवळ बसलेले दचकले, म्हणजे आवाज अजून शाबूत आहे. डोकं दिवसभर ठणकत होतं.
दक्षाचा फोन. पुन्हा दाखवायला का आला नाहीत? सगळं ठीक म्हटलं. रोजची गोळी रोज घेता ना? म्हटलं, न चुकता. हे खोटं नव्हतं.

१ मार्च
पहिला पेपर. निघतानाच दोन घेतल्या, खबरदारी म्हणून. प्रश्नपत्रिकांची पाकिटं उघडायच्या आधी सूचना वाचायला उभी राहिले आणि कागदावरची अर्धी अक्षरं नाहीशी झाली. उरलेली चमकत होती. पुढचं धड आठवत नाही. प्रविणने हातातून कागद घेतला, योगिताने बादली आणली. ह्यांनी गाडीत घालून डहाणूला नेलं.

२ मार्च
दक्षाच्या दवाखान्यातली आतली खोली. दिवा बंद. सलाईन.
तिने विचारलं, "बाई, रोज कोणती घेत होतात?"
सांगितलं.
"म्हणजे दुखण्यावरची रोज, आणि रोजची दुखल्यावर?"
"तू उलटं सांगितलं होतंस. मी दुरुस्त केलं."
"नाही बाई. मी बरोबरच सांगितलं होतं."
मग समजावलं. दुखण्यावरची गोळी रोज घेतली की त्या गोळीमुळेच डोकं रोज दुखायला लागतं. पोटही त्यानेच बिघडलं. पांढरी ऐन झटक्यात घेऊन उपयोग नाही, ती रोज घेतली तरच हळूहळू काम करते. आता दुखण्यावरची पूर्ण बंद. पहिले काही दिवस दुखणं वाढेल, मग उतरेल. तोवर घरी. केंद्र नाही.
मी म्हटलं, गोळ्या दोन्ही त्याच होत्या, फक्त जागा बदलल्या. अशा उत्तराला निम्मे गुण मिळतात.
दक्षा सलाईनचा वेग कमी करत म्हणाली, "बाई, तुम्ही कधीच देत नव्हतात."

९ मार्च
घरी. वाढलं, ती म्हणाली तसं. पडदे ओढलेले. हे पायांत मोजे घालून चालतात, तरी ऐकू येतं.
संध्याकाळी प्रविण येऊन गेला. चिकू आणले होते, आशागडला. ही त्याची अक्कल. म्हणाला, सगळे पेपर सुरळीत चालू आहेत. भरारी पथक आलं होतं, काही सापडलं नाही, शेरा चांगला दिला. निरोपसमारंभाचं आम्ही बघतो, तुम्ही आराम करा.
मुलांना गप्प कसं ठेवलंस, विचारलं. त्याला थोडा विचार करावा लागला.
"काही केलं नाही, मॅडम. कोणी ओरडलंच नाही, तर मुलं आपली लिहीत बसली."
जाताना त्याने दार हलकेच लावलं. तेही नीट जमलं त्याला.