खांड माझी

बाबा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्याशी भांडायला हरकत नाही. तुम्ही होतात तेव्हा माझी काय छाती होती. आता माझेही केस पिकलेत, आणि दुसरीला सुटलेली शाळा मी सुक्या बोंबलांच्या पुड्यांचे कागद वाचून माझी मीच पुरी केली आहे, म्हणून लिहिते. तुमचा धाकटा तुरुंगात आहे. न केलेल्या गुन्ह्यासाठी आहे. आणि तो तिथे गेला त्यात थोडा हात तुमचा आहे.

खाडीच्या बांधाला लागून आता एका शेठची कोळंबीची तळी आहेत. त्यांचं खारं पाणी आपल्या भातात झिरपायचं. त्यावरून धाकट्याची आणि शेठची भर रस्त्यात बोलाचाली झाली, ती सगळ्या गावाने ऐकली. पुढे एका उधाणाला पहाटेच बांध फुटून खांड पडली, त्या भगदाडातून पाणी तळ्यांत घुसलं आणि तिथला राखणदार झोपडीत झोपला होता तो बुडाला. लांबून पोटासाठी आलेला, कुणाचा तरी मुलगाच. बांध राखायची पाळी तेव्हा धाकट्याची होती. सकाळी देवळापुढे गाव जमलं, शेठची माणसंही आली, आणि आपलं पोर सगळ्यांच्या मधे उभं राहून म्हणालं, "खांड माझी." शेठने तक्रार केली की ह्यानेच रागाने कुदळ घालून बांध फोडला. कोर्टापुढे रस्त्यातलं भांडण होतं आणि त्याच्याच तोंडचे हे दोन शब्द होते. शिक्षा लागली.

हे शब्द त्याने कुणाकडून उचलले, बाबा? मी परकरात होते, तो माझ्या कडेवर होता. तुमच्या पाळीत बांध फुटला होता. खेकड्यांनी आतून पोखरलेला, त्यात उधाण. तुमचा काय दोष? तरी तुम्ही देवळापुढे उभे राहिलात, "खांड माझी" म्हणालात, आणि चिखलाचं पहिलं टोपलं स्वतः उचललंत. मग कुणी कुणाला बोल लावला नाही. घरटी एक माणूस देऊन बांध राखणारा आपला जोळ, सगळा तुमच्या मागोमाग चिखलात उतरला. त्या संध्याकाळी आई चुलीपुढे भाकरी थापतेय, मी कोपऱ्यात रडतेय की आपले बाबा गुन्हेगार निघाले. तुम्ही पाय धुऊन आत आलात आणि मला दटावलंत. म्हणालात, "गप, बाय. कुनाचं चुकलं म्हनून भांडत बसलो तर भरती थांबते काय? एकानं आपल्यावर घेतली की बाकीचे हात लावतात." तो कडेवर अंगठा चोखत होता. कसं कोण जाणे, त्याने ते ऐकून ठेवलं.

आम्ही कुणी कोर्टात हे सांगितलं नाही. लपवलं नाही हो, सुचलंच नाही. पाणी ओलं असतं हे कुणी शपथेवर सांगायला जातं का? तालुक्याच्या ज्या वकिलाने खटला चालवला तो म्हणे, मावशी, त्याने गावासमोर कबूल केलंय, मी काय करू. पुढे अलिबागच्या एका मोठ्या वकिलाकडे खेटे घातले. तो सह्या करता करता ऐकायचा. शेवटी म्हणाला, चूक झाली असं लिहून दया मागू, शिक्षा कमी होईल. मला ते पटलंही होतं, खोटं कशाला बोलू. माणूस लवकर घरी आला म्हणजे झालं. पण भेटीच्या जाळीआडून धाकट्याने मान हलवली. म्हणाला, "ताई, जे केलंच नाय त्याची माफी कशी मागू? त्या बुडालेल्या पोराच्या आईला काय वाटंल?" तुमचाच मुलगा. मी येताना एसटीत तुम्हा दोघांना मनातल्या मनात पोटभर शिव्या घातल्या.

मग गावच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं की ऐपत नसणाऱ्याला हायकोर्टात सरकार फुकट वकील देतं. फुकटच्या वकिलाकडून मी काय आशा धरणार? पण आली ती एक मुलगी, माझ्या नातीएवढी, आणि म्हणाली, आजी, मला आधी बांध दाखवा. चपला हातात घेऊन चालली, दोनदा घसरली, कपडे चिखलाने माखले, स्वतःच हसली. खांडीजवळ उभी राहून विचारते, "आजी, ते असं का म्हणाले?" आतापर्यंत सगळ्यांनी विचारलं होतं, म्हणाला की नाही. मी तिथेच तुमची ती संध्याकाळ तिला सांगितली.

तिथून ती मला घेऊन जोळातल्या तुमच्या जुन्या सोबत्याकडे गेली. ते अजून आहेत, बाबा, डोळ्याने अधू झालेत. कोर्टात धाकट्याविरुद्ध साक्ष त्यांचीच झाली होती. तेव्हापासून त्यांनी आपल्या दारावरून जाणं सोडलं होतं. मी ओटीवर पाय ठेवला तर तोंड फिरवून बसले. वकीलबाईंनी तोच प्रश्न त्यांना केला. त्यांनी हातातली काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मला इचारला, त्यो बोलला का. मी बोललो, व्हय, बोलला. का बोलला, ता कुनी इचारलाच न्हाय." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा बापूस बी तसाच बोललेला, बाय. मीच त्याच्या मागनं टोपला उचललेला." हे सगळं ते शपथेवर सांगायला तयार आहेत. वकीलबाई म्हणतात, अपिलाला झालेला उशीर आधी कोर्टाने माफ करायला हवा, मग ही नवी साक्ष घेऊ द्यायला हवी, आणि त्यानंतरही काय होईल ह्याचा शब्द मी देत नाही. मला त्यांचं तेच आवडलं. शब्द देणारे पुष्कळ पाहिले.

हे पत्र कुठे टाकणार? तांदळाच्या डब्याखाली ठेवीन. पण एक तुम्हालाच सांगते. भेटीला गेले की धाकटा खटल्याचं नंतर काढतो, आधी विचारतो, "ताई, खांड बुजली काय?" मी म्हणते, बुजली. बुजलेली नाही, बाबा. त्याला नेलं त्या दिवसापासून पाळी घ्यायला कुणी पुढे येत नाही, "माझी" म्हणायची कुणाची छाती होत नाही. जोळ मोडला. आपल्या खाचरात भरती येते-जाते, खारफुटीची तिवरं माझ्या कमरेएवढी वाढलीत. पुढच्या भेटीला वकीलबाई माझ्याबरोबर येणार आहेत, आणि त्यांनी ती खांड डोळ्यांनी पाहिली आहे. त्यांच्यादेखत बुजली कसं म्हणू?