ओहोळाचं तोंड

६ नोव्हेंबर

ओहोळ हरवला. नकाशात आहे, जमिनीवर नाही.

संगणकाने उंचीच्या आकड्यांवरून काढलेली निळी रेघ कुडपाड्याच्या डोक्यावरून निघते, पाड्याला वळसा घालते आणि सरळ पिंजाळ नदीला जाऊन मिळते. आज पाड्यातल्या सखाला सोबत घेऊन ती चालून तपासली. वरच्या अंगाला पाणी चांगलं खळाळतंय. मग एका काळ्या कातळापाशी आवाज बंद. कमी होत जात नाही — बंदच होतो. सगळं पाणी कातळाखालच्या फटीत शिरतं आणि पुढे नुसतं कोरडं पात्र. गंमत म्हणजे — गंमत नाही, दुसरा शब्द सुचत नाही — पात्राच्या दोन्ही काठांना करंज आणि उंबर, नदीकाठी असतात तसेच. गोटे गुळगुळीत. सगळं नदीचं, फक्त नदी नाही. हातातलं जीपीएस मात्र सांगत होतं की आम्ही पाण्यातून चाललोय.

फटीतून गार हवा येते. सखा जरा लांबच उभा राहिला. "हे तोंड," म्हणाला. "म्हातारे पन तोंडच म्हनत."

रेघ चुकली कशी ते मला ठाऊक आहे. नद्या काढायच्या आधी आम्ही संगणकाला जमिनीतले सगळे खड्डे बुजवायला सांगतो, नाहीतर पाणी तिथेच अडकतं आणि रेघ पुढे सरकत नाही. सगळेच करतात. मीही हे तोंड कधीच बुजवलं होतं — जव्हारच्या खोलीत, चहा पिता पिता.

७ नोव्हेंबर

हेमंतला फोन केला. पाड्याच्या खाली बंधारा बांधायचं काम त्याच्याकडे आहे. मला वाटलं, पात्रच कोरडं म्हटल्यावर बंधारा रद्द होईल. तो तर खूश झाला! "म्हणजे गळती सापडली की. तोंड काँक्रीटने बंद करू. पाणी खाली येईल, अगदी तुझ्या नकाशासारखं."

फक्त माझी सही हवी — तोंड बुजवल्याने दुसऱ्या कुणाचं पाणी तुटत नाही, अशी.

पण पाणी जातं कुठे?

१० नोव्हेंबर

गंगी, म्हणजे सखाची बायको, खळ्यात भात झोडत होती. "मॅडम, नकाशात आमी कुठं?" ठिपका दाखवला. "एवढुशात माझी सासू पन मावली?"

"ऐकतेय मी," ओट्यावरून सासू.

"ऐकायलाच सांगते."

मी विचारलं, तोंडातलं पाणी खाली कुठेतरी दुसरं कुणी पीत असेल तर? गंगीचे हात थांबले नाहीत. "चैतात या. डोक्यावर दोन हंडे घ्या नि दरी चढा. मंग इचारा, दुसरं कोन पितं."

ती चढण मी रिकाम्या हाताने चढताना तीनदा बसले होते.

निघताना तिनेच सांगितलं — एकदा शेळी पडली होती तोंडात. "गळ्यातली घंटी आठ रोज वाजत होती आतून."

सखा म्हणाला, "तीन रोज. ही वाढवून सांगते."

दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

१२ नोव्हेंबर

तोंडात रंग सोडला. हिरवा, निरुपद्रवी — तरी डब्यावरचं पुन्हा पुन्हा वाचलं. पाणी क्षणभर चमकलं आणि गिळलं गेलं. आता पिंजाळेच्या बाजूच्या प्रत्येक झऱ्यावर, प्रत्येक विहिरीवर कुणीतरी रोज बघणार. खिंडीपलीकडचे पाडे वगळले. डोंगराची धार मध्ये आहे, तिकडचं पाणी वाघ नदीचं. धार ओलांडून पाणी जात नाही.

हेमंतने आठवडा दिलाय. मी महिना मागितला होता. रंगाला कधी कधी तेवढाही लागतो.

१४ नोव्हेंबर

लिहावं की नाही, अशा विचारात सकाळ गेली. लिहिते. इथे खोटं लिहून काय मिळणार?

काल दुपारी कातळावर आडवी होऊन फटीला कान लावला होता. आत पाण्याचा आवाज नव्हता. भांडी घासल्यासारखा आवाज होता. दगडावर राखेने घासतात तसा, थांबून थांबून. मध्येच कुणी काही बोललं, कुणी उत्तर दिलं. शब्द कळले नाहीत. बायकांचे आवाज. म्हटलं, मागे पाडा आहे, तिथलाच आवाज कातळावरून येत असेल. उठून पाड्यात गेले. पाडा रिकामा होता. सगळे शेतावर.

थकवा असेल. कान असेल. हेमंतला सांगितलं नाही. नोंदीत काय लिहिणार — आणि न लिहिणं ही लबाडी आहे का?

१७ नोव्हेंबर

रंग कुठेच नाही.

१९ नोव्हेंबर

आजही नाही. एकाही झऱ्यात नाही. हेमंत म्हणाला, "अगं, सरळ आहे. पाणी खडकात मुरतंय, वाया जातंय." शक्य आहे. सापडलं नाही म्हणजे नाही, असं मात्र होत नाही. हे मी स्वतः वर्गात मुलांना शिकवलंय.

पण मग किती थांबायचं? मार्गशीर्ष, पौष... चैत्र काही थांबत नाही. गंगी चढतच राहणार.

२१ नोव्हेंबर

सही केली. "उपलब्ध निरीक्षणांनुसार" असं लिहून. हे दोन शब्द कुणासाठी घातले? माझ्यासाठीच.

२ डिसेंबर

तोंड बंद झालं. काँक्रीटची शेवटची पाटी पडेपर्यंत फटीतून हवा येत होती — गार, ओल्या मातीच्या वासाची. मग थांबली. माणसं बोलायची थांबली की खोली कशी होते, तसं झालं.

पाणी बराच वेळ कातळापाशी नुसतं चढत राहिलं. वाट विसरल्यासारखं. मग कडेवरून सांडलं आणि कोरड्या पात्रात उतरलं. उंबरांच्या मुळांपाशी पोचलं तेव्हा पाड्यातली माणसं ओरडली. गंगीने पाण्यात पाय धुतले, सासूचेही धुतले. सासू म्हणाली, "थंड आहे गं." गंगी म्हणाली, "मंग काय तापवून देऊ?" सगळे हसले. मीही.

संध्याकाळी नकाशा उघडला. रेघ आणि जमीन, दोन्ही तंतोतंत जुळतात. इतका बरोबर नकाशा मी आजवर केला नाही. फार वेळ बघवेना.

११ डिसेंबर

बंधाऱ्यात कमरेइतकं पाणी. सखाचा फोन आला होता, उन्हाळी भाजी लावणार म्हणतो. त्या आवाजाची आठवण कमी होतेय. मी बरोबर केलं असेल. केलंच.

पुढचं काम वाघ नदीच्या बाजूचं, खिंडीपलीकडचं. परवापासून.

१९ डिसेंबर

हेदपाडा, खिंडीपलीकडे. झरा मोजायला आले, तर खाली डबक्याएवढाच उरलाय. रुपीने, झऱ्याजवळच्या घरातल्या बाईने, दगडावर राखेने घासत होती ती भांडी बाजूला ठेवली, ओट्यावर बसवलं आणि पेला पुढे केला. "घ्या ताई. पंधरा रोजांत बसला झरा, असा कव्हाच नाय बसला. पन पावन्याला नाय नाय म्हनत. चार रोज झाले, असा हिरवा रंग येतोय. सासू म्हनते, शेवटचं पानी देव रंगवून देतो."

प्यायले. सगळं.