पेट्रोल वजा करून

६ जानेवारी २००८, रविवार
अविनाशने ती गाडी आणली शेवटी. ऑफिसच्या यार्डात किरकोळ सामान हलवायला आणलेली, विजेवर चालणारी, लिलावात निघाली ती. पुढे दोघं मावतात, मागे लेकीला, मुक्ताला, घडी घालून बसवावं लागेल. रंग कच्च्या पपईचा. नंबर प्लेट, इन्शुरन्स सगळं उरकून मगच दारात उभी केली. म्हणजे हे बरेच दिवस माझ्या पाठीमागे चाललं होतं.

आखातातलं हे आख्खं तेलाचं गाव, अहमदी, हसतंय. तेलाचा पगार खायचा आणि गाडी विजेची. शेजारचे नायर म्हणाले, "सर, यहाँ पानी से सस्ता पेट्रोल है." आमचे नवरोबा म्हणाले, "मेरी बीवी को पानी से उलटी नहीं होती."

मीही हसले. मग आत येऊन थोडी रडले.

८ जाने., मंगळ.
जेवताना मुक्ताने सरळ विचारलं, नव्वद साली नेमकं काय झालं होतं? सांगता आलं तेवढं सांगितलं. शेजारच्या देशाचं सैन्य घुसलेलं, ओळखीच्या दाऊदभाईंचा ट्रक, उत्तरेकडचा रस्ता, सगळेच पळत होते. आम्ही मागे, पेट्रोलच्या कॅनला टेकून. एक कॅन गळका. माझी साडी भिजलेली, ही तान्ही मांडीवर. बदलायला दुसरी साडी नाही, पाणी फक्त पिण्यापुरतं. सीमा ओलांडेपर्यंत तो वास अंगावर.

पुढचं तिला माहीत आहे. परत आलो, संसार मांडला, पण गाडीत बसलं की पोटातून ढवळून येतं. विमानतळ गाठते तो खिडकीबाहेर डोकं काढून. माहेर पार्ल्याला, तिथवर जमतं. सासर संगमनेर, तिथे रेल्वे नाही. नाशिक रोडहून पुढे जीप नाहीतर एस.टी. इतक्या वर्षांत एकदाही गेले नाही. सासूबाईच बिचाऱ्या पार्ल्याला येतात.

आणि आता बारावी झाली की मुक्ता संगमनेरलाच, आजीकडे राहून शिकणार. म्हणाली, "सो बाबा विल ड्रॉप मी. इट्स ओके, आई." ते ओके फार लागलं.

९ जाने., बुध.
अवि इंजिनियर माणूस. त्याचं म्हणणं, आपण पेट्रोल वजा करून बघू. या गाडीने उत्तरेच्या त्याच रस्त्यावरच्या टेकडीपर्यंत जायचं. तरी उलटी झाली तर ते डोक्यातलं, मग डॉक्टर. नाही झाली तर नुसतं वासाचं.

"यातली चांगली बातमी कोणती?" मी विचारलं. वासाचं निघालं तरी संगमनेरची जीप काय विजेवर चालणार आहे?

१५ जाने., मंगळ.
संक्रांत. इतकी थंडी इथे मी पाहिली नाही. अंगणातला तुळशीचा शेंडा काळा पडला. तिळगूळ देऊन आले त्या प्रत्येक घरी एकच विषय, आमची गाडी. थंडीत तिची बॅटरी लवकर बसते म्हणे. अविने फर्मान काढलंय: हीटर लावायचा नाही. लावला तर टेकडीपर्यंत पोचणार नाही.

मी म्हटलं, वास नको म्हणून गारठून मरायचं का? त्याने कपाटातून गोधडी काढून दिली.

१७ जाने., गुरु.
फरवानियाला दाऊदभाईंकडे मुक्काम. संध्याकाळी अहमदीहून निघालो. काच आतून धुरकटते, तर अविच्या जुन्या बनियनने पुसत राहायचं, ते माझं काम. पोटाकडे लक्ष द्यायला वेळच मिळाला नाही. काही झालं नाही!

दाऊदभाई थकलेत. मूळचे रत्नागिरीकडचे, ट्रक कधीच विकला, आता खाली किराणा आणि एक पिकअप. दुकानातून वायर ओढून गाडी चार्जिंगला लावली. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. दाऊदभाई म्हणाले, "गाडी खातेय तिचा, वैनी, तुमी खावा तुमचा." भाभींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमई केली होती. झोपायला जाताना दाऊदभाई त्या रस्त्याबद्दल एवढंच म्हणाले, "अडकलात तर फोन करा. लाजू नका."

१८ जाने., शुक्र.
लिहायला हात वळत नाहीयेत, थंडीने. पण आजच लिहायचं.

सकाळी निघालो. जहरा गाव मागे पडलं तशी मी पोट धरून बसले, आता येईल, मग येईल. गोधडी, पायाशी गरम पाण्याची पिशवी, मागे मुक्ता कानटोपी घालून. गाडीला आवाजच नाही. टेकडी चढलो. वर थांबलो.

तोच रस्ता. नुसता रस्ता. ट्रक जात होते, कडेला कोणी मेंढ्या चारत होतं. मुक्ताने विचारलं, "इथून?" मी म्हटलं, "इथून." तिने माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही. काही झालं नाही मला. नुसती थंडी वाजत होती, चारचौघींसारखी.

अविने माझ्याकडे पाहिलं आणि काय वाटलं त्याला कोण जाणे, हीटर लावला. स्वतःच! म्हणाला, "असू दे आज." तिघं तिथे बसून तिळाच्या वड्या खाल्ल्या, बाहेर वारा, आत ऊब. किती सुख.

ते सुख महागात पडलं. परत येताना जहराच्या अलीकडेच गाडी मंदावली, काटा तळाला गेला आणि थांबली. अवि खाली उतरून तिच्याकडे बघत राहिला. मीच दाऊदभाईंना फोन लावला. हीटर माझ्यासाठी होता.

दाऊदभाई पिकअप घेऊन आले. दोर बांधला. मला म्हणाले, "वैनी, तुमी मागं सायबांबरोबरच बसा. हिच्यात वास हाय." पण मुक्ता आधीच पिकअपमध्ये चढली होती, तिचे ओठ निळे पडलेले. आतून म्हणाली, "आई, ये ना, इट्स वॉर्म."

गेले. विचार केला असता तर गेले नसते. दार लावल्यावर वास आला. पेट्रोलचा, तोच. स्टिअरिंगवर दाऊदभाई, मधे मुक्ता, कडेला मी. थोडं गेल्यावर थांबवायला सांगितलं. उतरले, रस्त्याकडेला सगळ्या वड्या बाहेर. दाऊदभाईंनी पाणी दिलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं. मागून अवि ओरडत होता, "इकडे ये, माझ्याजवळ बस."

मी चूळ भरली आणि पुन्हा पिकअपमध्येच बसले. मुक्ताने खांद्यावर डोकं ठेवलं. फरवानियापर्यंत पुन्हा थांबावं लागलं नाही. ढवळत होतं, पण धरून ठेवता आलं. धरून ठेवता येतं हेच मला ठाऊक नव्हतं.

१९ जाने., शनि.
घरी. बॅटरी भरून घेऊन आलो, हीटरला हातही न लावता. अंग दुखतंय, पण कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. अविचा हिशेब चुकला, कारण थोडं वासाचं निघालं आणि थोडं डोक्यातलं. तो खट्टू झालाय. मी नाही. किती हलकं वाटतंय ते त्याला कसं सांगू?

२५ जाने., शुक्र.
फोनवर सासूबाईंना सांगितलं, जूनमध्ये मुक्ताला सोडायला मी पण येतेय. त्या म्हणाल्या, "जीपवाल्याला सांगून ठेवते, वाटेत म्हणशील तिथे थांबव म्हणून." इतकी वर्षं मला वाटायचं, त्यांना हे सगळं माझं नाटक वाटतं.

मुक्ता ऐकत होती. म्हणाली, "आर यू शुअर?"

"नाही," म्हटलं. "पुढची सीट मात्र माझी."