दोनशे सात नंबरची मुळी

दादा,

पानं दाबायचा साचा, दोन कपाटं आणि वाळवलेल्या चारशे बारा वनस्पतींचे कागद मी बेसमेंटमध्ये स्वतःच्या हातांनी केले. आठशे वर्षांपूर्वीचा अरब वैद्य इब्न अल-बैतार वनस्पती स्वतः पाहून मगच लिहायचा. त्याचे ग्रंथ वाचायला मी अरबी शिकलो, क्लासशिवाय.

तू निवृत्त डॉक्टर. पाहुण्यांसमोर दोनशे सात नंबरची, मी 'विषारी' अशी चिठ्ठी लावलेली मुळी उचलून म्हणालास, "विलास, विष कसलं? हे तर रानगाजर. डिग्री नसली की असं होतं."

"मग खा," म्हणालो. तू हसलास. मी तुझा गळा धरून तुला भिंतीवर आपटलं आणि मुळी तोंडात कोंबली. तुझे खालचे दोन दात तुटले. रक्त माझ्या मनगटापर्यंत आलं. वहिनीने मला मागे ओढलं तेव्हा तू ती थुंकून टाकलीस.

नुसती भीती दाखवत होतो, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण ती विषारीच होती, आणि तू ती गिळावीस असंच मला वाटत होतं.

काल तुझी ईशिता आली. मी संग्रह जाळला तर तू पोलिसांत जाणार नाहीस, वर पंचवीस हजार डॉलर देशील, म्हणाली. "जस्ट टेक इट, काका."

संग्रह मी रात्रीच जाळला. पंचवीस हजारांना मात्र मी नाही म्हणालो.

विलास
व्हिटबी