बांबर्गमध्ये दोन रात्री

बाबा,

परवा दुपारी तिने फोनवर सांगितलं की जर्मनीत रविवारी सगळी दुकानं बंद असतात, आणि त्या वाक्यापासून माझं सगळं फिरलं. हसू नका. तुम्ही गेलात तेव्हा मी पाचवीत होतो, त्यामुळे ही 'ती' कोण ते सांगावं लागेल, आणि मी तिसऱ्या वर्षाला कॉलेज का सोडलं तेही. त्यावर तुम्ही जे बोलला असतात ते आईने तुमच्या वतीने बोलून घेतलंय.

मस्कतला आपल्या हमरियातल्या खोलीतलं ते कॅलेंडर आठवतं? तुमच्या गाडीतून ओमान फिरून गेलेल्या जर्मन आजी-आजोबांनी पाठवलेलं, त्यांच्या फ्रँकोनिया नावाच्या मुलखाचं. तटबंदीची गावं, द्राक्षांच्या टेकड्या, किल्ले. भिंतीचा पोपडा झाकायला आईने ते ओट्याच्या वर टांगलं आणि फोडण्यांनी पानं अशी चिकटली की आपल्या घरात कायमचा फेब्रुवारी राहिला. फेब्रुवारी म्हणजे बांबर्ग. नदीच्या मधोमध, पुलाला धरून बसलेली जुनी कचेरी, भिंतींवर चित्रं रंगवलेली. तुम्ही जेवता जेवता दर वेळी तेच विचारायचात, पूर आला की हे लोक फायली कुठे नेत असतील. मग म्हणायचात, एकदा जाऊन विचारून येऊ. तुमचं 'एकदा' म्हणजे इथल्या ऑफिसातलं 'इन्शाल्ला' होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पुण्यात कॉलेजच्या कँटीनमध्ये मी हे सगळं तिला सांगितलं. ती माझ्यापुढे एक वर्ष, संध्याकाळी जर्मनच्या क्लासला जायची. बांबर्गचं नाव तिने पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या तोंडून. आणि पुढच्या वर्षी तिला ॲडमिशन मिळाली ती तिथेच. गाव माझं, कॅलेंडर माझं, आणि विमानात बसली ती. मी आनंदाने पेढे वाटले. मग वर्गात बसवेना. एकदा सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, लक्ष कुठे आहे. मी म्हटलं, इथे नाही, आणि बॅग उचलून बाहेर पडलो. तेव्हा ते फार बाणेदार वाटलं होतं. तुमच्यासोबत गाडी चालवणारे काका आठवत असतील, त्यांचं आता इथे मस्कतला, रुवीत, ट्रॅव्हल एजन्सीचं छोटं ऑफिस आहे. त्यांनी मला ठेवून घेतलं. बापाचं डोकं आणि पोराचं डोकं एकाच गॅरेजचं दिसतंय, एवढंच म्हणाले.

या वर्षी इथल्याच अल् खुवैर भागातल्या काही मराठी कुटुंबांना ग्रुपने युरोपला जायचं होतं. पॅरिस, स्वित्झर्लंड करून झालेलं, काहीतरी वेगळं हवं होतं. मी लगेच फ्रँकोनिया पुढे केलं. न्युरेंबर्गचा किल्ला, रोटेनबुर्गची तटबंदी, वुर्झबुर्गची द्राक्षं, आणि मध्ये बांबर्ग, दोन रात्री. टूर मॅनेजर म्हणून मीच जाणार होतो. ग्रुपची मीटिंग एका काकूंच्या घरी झाली. साबुदाण्याचे वडे होते. एका काकूंना कुकू घड्याळ कुठे मिळेल ते हवं होतं, दुसऱ्यांना उपम्याची पाकिटं किती न्यायची ते. सगळे बांबर्गवर अडले. त्यातले एक बँकेतले काका चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बाकी गावांना अर्धा अर्धा दिवस आणि इथे दोन रात्री? तुझी सासुरवाडी आहे का रे तिथे?" सगळे हसले. मी पण हसलो. माझे कान तापले होते.

तिथे बसल्या बसल्या मला समुद्रकाठचं ते सूर गाव आठवलं. तेच आजी-आजोबा गाडीत होते आणि शाळेला सुट्टी म्हणून मी पुढच्या सीटवर. लाकडी जहाजं बांधतात त्या आवारात ते दोघं एका फळीसमोर बसले ते उठेचनात. सुतार रंधा मारतोय, हे बघतायत. उन्हात गाडी तापलेली, तुमचं पुढचं ठिकाण चुकत होतं. मी म्हटलं, चला ना. तर तुम्ही माझ्यावरच ओरडलात, "त्यांचं बघून झालं की ते उठतील. तू गप बस." आणि परत येताना तुम्हीच हळूच मला विचारलंत, एवढं काय बघतात रे एका फळीत? मलाही माहीत नव्हतं. अजून नाही. त्या बँकेतल्या काकांना काय सांगणार होतो मी?

मीटिंग झाली तसा मी सगळा प्लॅन तिला पाठवला. म्हटलं, खूश होईल. परवा फोन आला. "रविवारी शॉपिंग ठेवलंयस," ती म्हणाली, "रविवारी इथे दूधसुद्धा मिळत नाही." मी म्हटलं, मग सोमवार करतो. सोमवारी मी म्युझियम ठेवली होती, ती सोमवारी बंद. आणि शुक्रवारी दुपारपर्यंत सगळं मोकळं सोडलं होतं, का ते तिनेच विचारल्यावर माझ्या लक्षात आलं. "अरे, जर्मनीत जुम्मा कुठला? तू अजून मस्कतच्याच आठवड्यात राहतोस." आम्ही दोघं इतके हसलो, बाबा, की मला वाटलं सगळं ठीक आहे. मग तिने कागद पुन्हा पाहिला असावा. आवाज उतरला.

"माझ्या गावात दोन रात्री का?"

"तुला माहितीये का ते."

"मी बोलावलं नव्हतं रे. एवढी बस भरून माणसं घेऊन तू दारात उभा राहणार, आणि मी काय करायचं? सगळ्यांसमोर खूश व्हायचं?"

मी चिडलो. तुझं गाव कसलं, ते माझं गाव आहे, मी तुला दिलंय, असलं काहीतरी बोललो. ती म्हणाली, "मग गाव बघायला ये. मला भेटायला नको." आणि ठेवला.

तिचं बरोबर आहे, हे मला कळत नाही असं नाही. कळतं म्हणूनच जास्त राग येतो. काल टेबलावर दोनदा मूठ आपटली, स्टेपलर खाली पडून तुटला. मग बसून प्लॅन दुरुस्त केला. दुकानं शनिवारी, म्युझियम मंगळवारी, रविवारी नुसतं नदीकाठाने चालायचं. आणि टूर मॅनेजरच्या जागी स्वतःचं नाव काढून एजन्सीवाल्या काकांच्या भाच्याचं घातलं. काका म्हणाले, डोकं फिरलंय का, व्हिसा आलाय तुझा. मी म्हटलं, खलास. बांबर्गच्या दोन रात्री मात्र मी काढल्या नाहीत. आज ग्रुपच्या काका-काकूंकडे जाऊन त्या भांडून मिळवायच्या आहेत, आणि आता त्यात माझा काडीचा फायदा नाही.

तुम्हाला वाटेल, पोराला शहाणपण आलं. तसं नाहीये. नाव काढलं ते तिला झोंबावं म्हणून. भाचा बसमधून उतरेल, ती लांबून बघेल आणि मी नाही हे तिला दिसेल, एवढ्यासाठी. दोन दिवस फोन आवाज मोठा करून ठेवलाय, बाथरूममध्येसुद्धा नेतो.

दुपारची सुट्टी संपत आली, लोक शटर वर करतायत. तुमचा पत्ता नाही, त्यामुळे हा कागद प्रिंटरच्या ट्रेमध्ये उलटा घालून ठेवतो, उद्या पाठीवर कुणाचं तरी तिकीट छापून जाईल. एसी बंद केलाय. चाललो, दार ओढून घेतो.